गावकरी कोण

माझं अक्षर चांगलं आहे असं लोक आयुष्यभर मला सांगत आले आणि मीही मान डोलवत ऐकून घेत आले. त्याच अक्षरात मी एक कागद लिहिला आणि त्या कागदाची लाज मला आजही वाटते. निवृत्त होऊन पनवेलच्या घरात बसले आहे. कुणी विचारायला येत नाही, तरी सांगते.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी रोज एसटीनं उरणच्या बाजूला, खाडीकाठच्या एका गावात शिकवायला जायची. चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या आणि शिकवायला मी एकटी. नव्या शहरासाठी गावाची शेतं गेली होती, मिठागरं जायच्या बेतात होती. तळोज्याला कारखाने आले, कळंबोलीला लोखंडाचा बाजार आला, पण आमच्या गावच्या माणसाला तिथं फार तर फाटकावर उभं राहायचं काम मिळे. लोक चिडले होते, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

अशात देशाच्या दुसऱ्या टोकाला कुठल्याशा डोंगराळ भागाला स्वतःची स्वायत्त परिषद मिळाल्याचं पेपरात आलं. गावच्या समितीचे अध्यक्ष, गिरणीतून निवृत्त झालेले आप्पा, ते कात्रण खिशात घालून शाळेत आले. "त्यांना मिलतं तर आपल्याला का नाय? आपल्या सात गावांचा वेगला विभाग मागू. आपला कारभार आपण बघू. बाई, तुमी लिवा. तुमचं अक्षर छापल्यासारखं हाय."

मी हुरळून गेले, दुसरं काय! अठ्ठावीस वर्षांची होते, आणि कुणीतरी मला राज्यघटना लिहायला सांगत होतं. पुढचे दोन महिने मला दुसरं काही सुचलं नाही. खाडीवर हक्क सात गावांचा. कारखान्यातली पहिली नोकरी इथल्या मुलांना. मिठागरं सहकारी सोसायटीकडे. दारूचं दुकान उघडायचं तर आधी बायकांची संमती. मुलींना सातवीपर्यंत शाळा गावातच. बाहेरच्याला जमीन विकायची तर विभागाला आधी विचारायचं. आज वाचलं तरी यातलं एकही कलम मला वाईट वाटत नाही. घोळ सगळा चौथ्या कलमात होता. हे सगळे हक्क ज्याला मिळायचे तो गावकरी म्हणजे नेमका कोण, हे त्या कलमात ठरायचं होतं.

गावाच्या खाली मिठागराच्या बांधावर तीस-चाळीस झोपड्या होत्या. मीठ ओढणारी, टोपल्या वाहणारी माणसं. दोन पिढ्या तिथं राबलेली, पण कुणाच्या नावावर वीतभर जमीन नाही. तिथल्या एका मावशींची नात माझ्याकडे तिसरीत होती. मावशींना अक्षर ओळखता येत नव्हतं, पण डोकं असं चालायचं की मीही थक्क व्हायची. मी चौथं कलम लिहून त्यांना वाचून दाखवलं: जो या सात गावांत राहतो तो गावकरी.

त्यांनी टोपली खाली ठेवली. "नुसतं राहतो नका लिवू, बाई. पावसाल्यात बांधावर पानी चढतं. चार महिने आमी वरती डोंगराच्या अंगाला जातो. मंग साहेब बोलंल, तुमी तर हितं राहतच नाय. राहतो किंवा हितं काम करून पोट भरतो, असं लिवा."

मी तसंच लिहिलं. सबंध मसुद्यात मला न सुचलेलं असं तेवढंच एक वाक्य होतं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात शहाणं वाक्यही तेच होतं. मावशींनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि बांधावरच्या बाकीच्या बायकांनाही सांगितलं. "आपलं नाव कागदात आलं," त्या म्हणाल्या.

मसुदा मंजूर करायच्या दिवशी सकाळी आप्पा शाळेत आले. मुलं पाढे म्हणत होती. आप्पांनी मला व्हरांड्यात बोलावलं.

"चौथं कलम बदला. सातबाऱ्यावर नाव किंवा गावठानात घर, तो गावकरी. बस."

"आणि बांधावरची माणसं?"

"त्यांचं वाईट व्हावं असं मला वाटतं काय? पन आज काम करनारा म्हनून त्यांना घेतलं, तर उद्या तलोज्याच्या कंपनीतला भाडेकरू येल. त्योपन हितंच काम करतो. मंग आपला विभाग आपला राहील काय?"

त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. पण त्यावर उत्तरही होतं आणि ते मला येत होतं. इतकी वर्षं राबलेला असं घालता आलं असतं, मिठागर असा शब्द घालता आला असता. मला सुचलं नाही असं म्हणायची सोय नाही. सुचलं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात आप्पा हसून म्हणाले, "आनि शिक्षक, डॉक्टर यांना गावकरी मानावं, असं खाली घाला. विभाग झाला की शिक्षन तुमच्याच हातात. तुमी आमच्या शिक्षनमंत्री."

झालं, मी विरघळले. मी पनवेलची, माझं त्या गावात घर नाही, सातबाऱ्यावर नाव असायचा प्रश्नच नाही. मावशींचं वाक्य गेलं असतं तर मीही बाहेर पडले असते. माझ्यासाठी दार उघडं ठेवलं म्हटल्यावर मी मूग गिळले. मधल्या सुट्टीत ते पान नव्यानं लिहून काढलं. मावशींचं वाक्य वगळलं आणि त्याच जागी 'शिक्षक' हा शब्द घातला. आणि हो, अक्षर सुरेखच आलं होतं.

दुपारी देवळाच्या मंडपात सात गावांची बैठक भरली. तिथली रीत अशी की ज्यानं कागद लिहिला त्यानंच तो मोठ्यानं वाचायचा, वाचताना कुणी हरकत घेतली नाही तर तो मान्य. आणि ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा लिहिणाऱ्यानंच धरून उठवायचा. त्याचा अर्थ असा की कागदात काय आहे याची जबाबदारी त्याची. बांधावरची माणसं मंडपात येत नसत, खाली पायऱ्यांवर बसत. मावशी पहिल्या पायरीवर होत्या. शाळा लवकर सोडल्यामुळे माझी मुलंही पुढं अंगणात येऊन बसली होती, मावशींची नातसुद्धा.

मी वाचायला लागले. पहिलं, दुसरं, तिसरं कलम आकडा घेऊन खणखणीत वाचलं. मग पाचवं वाचलं.

चौथं मी वाचलंच नाही. बदललेलं वाचायची हिंमत झाली नाही आणि जुनं वाचावं तर ते कागदावर नव्हतं. कुणी हरकत घेतली नाही. समितीला ठाऊक होतं, बाकीच्यांना आकडे मोजायचं कारण नव्हतं.

सह्या झाल्या. मग अंगठे. मावशी सगळ्यांच्या आधी उठून आल्या. त्यांचा अंगठा मिठानं चिरलेला, खरखरीत. मी तो माझ्या हातात धरला, शाईच्या पॅडवर दाबला, मग कागदावर डावीकडून उजवीकडे फिरवला. ठसा नीट उठला. त्यांच्यामागून बांधावरच्या बाकीच्या सगळ्यांनी दिले. इतक्या माणसांचे हात मी एकेक करून धरले आणि एकही ठसा फिसकटू दिला नाही. याचीच मला सगळ्यात जास्त शरम वाटते.

स्वायत्त विभाग काही झाला नाही. आमचा मसुदा कचेरीत गेला, पोचपावती आली आणि पुढं सगळं थंड पडलं. आप्पांनी वर्षभर खेटे घातले, मग तेही थकले. मीही मनाला समजावलं, की कागदच वाया गेला तर कलमाचं काय घेऊन बसायचं.

तीन पावसाळे गेले. मिठागरं भरावाखाली गेली, झोपड्यांचा बांध तेवढा उरला, आणि नव्या शहरवाल्यांनी उठवलेल्या लोकांना बदली घरं द्यायचं ठरवलं. गावकरी कोण याची यादी त्यांनी समितीकडे मागितली. समितीकडे तयार कागद होता, सात गावांनी मान्य केलेला, सह्यांसकट. त्यांनी तोच दिला. यादीत बांधावरचं एकही नाव नव्हतं. माणसं कचेरीत भांडायला गेली तेव्हा साहेबानं त्यांच्यापुढं त्यांचेच अंगठे ठेवले. नंतर झोपड्यांचे पत्रे, बांबू सोडून न्यायला आठ दिवसांची मुदत मिळाली.

मला हे शाळेत कळलं. सहा दिवस मी रोज एसटीनं आले, शिकवलं आणि बांधाकडे न बघता परत गेले. सातव्या दिवशी शाळा सुटल्यावर गेले.

मावशी झोपडीवरचं प्लास्टिक सोडवत होत्या. मला बघून त्यांनी पिंप उलटं करून बसायला दिलं. मी बसले नाही. वाटेत जुळवलेलं सगळं विसरले आणि एवढंच म्हटलं, "मावशी, तुमचं वाक्य मी काढलं. मीच काढलं. आणि वाचलंही नाही."

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या आणि गाठ सोडवत राहिल्या.

"कधी कळलं? कचेरीत?"

"त्याच दिवशी. तुमी तिसरं वाचलं, मंग पाचवं. मला वाचता येत नाय, बाई, मोजता येतं. जल्मभर टोपल्या मोजल्यात."

"मग अंगठा का दिलात? तिथंच उभं राहून का नाही बोललात?"

त्यांनी हातातली दोरी गुंडाळून बाजूला ठेवली. पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. आवाजात राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं.

"बोलनार होते. पन शालंतली समदी पोरं म्होरं बसली होती, माझी नातपन. त्यांच्या देखत त्यांच्या बाईंना खोटं कसं पाडू? दुसऱ्या दिवशी ती तुमच्याकडं शिकली असती काय?"

मावशींनी प्लास्टिकचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं, घडी घालायला दोघी लागतात म्हणून, आणि मी ते धरलं.