सूर्य बुडायच्या आत

क्लीओफस टॅरंटच्या आईला वाटायचं, पोरगा चर्चमध्येच पियानो वाजवत म्हातारा होईल. पण त्याच्या डाव्या हाताला स्विंग जॅझचा, नाचाच्या संगीताचा नाद लागला आणि मंदीच्या त्या वर्षांत तो अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यभर भटकणाऱ्या काळ्यांच्या एका बँडमध्ये शिरला. जुन्या म्होरक्याने अंथरूण धरलं तसं म्होरकेपण याच्या गळ्यात पडलं. ड्रमवाला ल्युशियस वयाने बापासारखा, पण तो याला मुद्दाम 'मालक' म्हणायचा.

त्या दुपारी गोऱ्यांच्या गावात जत्रेचा नाच होता. वेशीवर पाटी होती: काळ्यांनी सूर्य बुडायच्या आत गाव सोडावं. असल्या पाट्या सगळ्यांना पाठ होत्या.

नाच रंगला. बँड आवरायला लागला तसा गावातला कायदा ज्याच्या हातात, तो खुद्द शेरीफ समोर येऊन हसत म्हणाला, "अजून एक." ते झालं, तर पुन्हा तेच. खिडकीतलं ऊन लाल व्हायला लागलं. नाही म्हणावं तर उर्मटपणा, थांबावं तर गुन्हा. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही खणणारा समोर टाळ्या वाजवत उभा.

"मालक, सूर्य काही तुमच्या खुणेसाठी थांबायचा नाही," ल्युशियस मागून पुटपुटला.

बँडची रीत अशी, की एकेकाने उठून आपला तुकडा वाजवायचा आणि पियानोवर वरचे तीन बारीक सूर आले की सगळ्यांनी मिळून गाणं संपवायचं. क्लीओफसने ती खूण दिलीच नाही. मान न वळवता तो म्हणाला, "तुकडा झाला की मागच्या दाराने गाडीत जायचं. माझी वाट बघायची नाही."

ट्रम्पेटवाला गेला. मग दोघे सॅक्सोफोनवाले गेले. माणसं कमी होत गेली तसा क्लीओफसचा डावा हात जास्तच जोरात चालला, आणि नाचणाऱ्यांना काही उणं वाटलं नाही. ल्युशियस मात्र उठेना.

"जा," क्लीओफस म्हणाला.

"तुझ्या आईला काय सांगू, पोरा?"

"अजून वाजवतोय म्हणून सांग."

ल्युशियसही काठ्या ठेवून मागच्या दाराने गेला. थोड्या वेळाने गाडीचा आवाज आला आणि लांब गेला. क्लीओफसला हायसं वाटलं. बोटं थकली होती. सवयीने त्यांनी वरचे तीन सूर वाजवले. मागे ते उचलायला कोणी नव्हतं.

नाचणारे थांबले. शेरीफने आधी खिडकीबाहेर पाहिलं, मग त्याच्याकडे. तो अजून हसतच होता.

"अंधार पडला की रे," तो म्हणाला.