पेवासारखा लिंपलेला खड्डा

गोठ्यामागचा माझा खताचा ढीग कमरेएवढा उंच आणि चार हात रुंद असे. त्याहून मोठा मी मुद्दामच करत नसे. गाडीच्या चाकाखाली चिरडलेली कापसाची पऱ्हाटी, शेण, गोठ्यातली ओली माती, थोडी राख, आणि विरजण म्हणून जुन्या ढिगातलं टोपलंभर खत. ढीग उलथवला की वाफ निघे. आत हात ठेववत नसे. अचलपूरच्या आमच्या मळ्यातली वांगी त्यावरच पोसत.

शेतकी खात्याचा एक अधिकारी अमरावतीहून आला. त्याला ढीग फार आवडला, आणि त्याने माळ्यांच्या सगळ्या आळीचं शेण एकाच खड्ड्यात टाकायचं ठरवलं. वीसपट खड्डा, वीसपट खत, असा त्याचा हिशोब. हिशोब मलाही आवडतो, म्हणूनच माझं डोकं तापलं. ढिगाला वारा लागतो. दोन पुरुष खोल खड्ड्यातला माल उलथवणार कोण, असं मी विचारलं. मोठ्या कामात शंका काढू नयेत, एवढंच तो म्हणाला. आळीने त्या वर्षी गोवऱ्याही थापल्या नाहीत. मी फक्त विरजणाचा ढीग राखला.

खोल खड्डा भरला की त्याचं तोंड बंद करायचं, एवढं आमच्या लोकांना पक्कं ठाऊक. जमिनीत ज्वारी साठवायचं पेव असंच ठेवतात. वर कडबा, त्यावर माती, त्यावर शेणाचं सारवण. कुणी हळदकुंकूही वाहिलं. अधिकारी शेजारीच उभा होता. वास थांबला म्हणून खूश झाला.

पावसाच्या तोंडावर खड्डा उघडला. पऱ्हाटी गेली तशीच निघाली, फक्त काळी आणि सडक्या अंड्यासारखी घाण मारणारी. माझा विरजणाचा ढीग सोडला तर वांग्यांच्या वाफ्यांत घालायला आळीत कुणाकडेच खत उरलं नव्हतं.

मग अधिकारी पुन्हा आला, तो माझ्या ढिगासाठी. नागपूरचे साहेब पाहणीला येणार होते आणि माझं खत त्याला खड्ड्यावर पसरायचं होतं. खड्डा लोकांच्या अडाणीपणाने बिघडला, हेही त्याने वरून आम्हालाच ऐकवलं.

शेजारच्या माळणीने आपल्या दोन्ही म्हशींचं शेण खड्ड्यात घातलं होतं. ती पदर खोचून पुढे आली.

"साहेब, आमी तोंड लिंपलं तवा तुमी इथंच पान खाऊन राहिले होते नं? तवा काहून नाही बोलले?"

बाईला आवरा, असं तो मला म्हणाला.

"ते बरोबर बोलून राहिली," मी म्हणालो. "नागपूरच्या साहेबाले खड्डाच दाखवा. मी येतो संगं, वास कायचा ते सांगायले."

ढिगातलं खत मी विरजण म्हणून घरटी टोपलंभर वाटलं. खड्ड्यातला चिखल सुकवून, त्यात पालापाचोळा मिसळून, प्रत्येकाने कमरेएवढे ढीग लावले. ते तापले, पण तोवर लावणी उरकली होती. त्या साली आळीची वांगी लिंबाएवढीच राहिली, आणि परतवाड्याच्या बाजारात गिऱ्हाईक ती उलटून पाहून परत ठेवी. पाहणीला आलेल्या साहेबांना त्या खड्ड्याकडे कुणी नेलंच नाही.