चुना, तारेची घासणी आणि अर्गिरिस

अर्गिरिसकडं कुणी गाडी घेऊन आलं की तो आधी गाडी बघतच नाही, आणणाऱ्याचे हात बघतो. गाडी कशानं पुसली ते हातावरून कळतं म्हणे. उमेदीची सगळी वर्षं अथेन्सजवळच्या पिरेअस बंदराच्या गोदीत जहाजांची पोटं खरवडून रंगवली, मग बेटावर परत येऊन बंदरामागच्या मिठाच्या जुन्या कोठारात गाड्यांचे ओरखडे घालवायचं दुकान काढलं. लोक हसले. "खाऱ्या वाऱ्यात गाड्या चमकवणार? त्यापेक्षा समुद्र झाडून काढ की!" तो बोलला नाही. बोलतच नाही फारसा. बायको म्हणते, "लग्नात 'हो' म्हणाला, तो अजून त्यावरच विचार करतोय."

ईस्टरच्या आधीच्या बुधवारी अनेझिओ मावशी दुकानाच्या दारात उभी राहिली. ऐंशी उलटलेली, काळ्या कपड्यातली, धापा टाकत. अर्गिरिसनं हात पाहिले. चुन्यानं फाटलेले, बोटांवर तारेच्या घासणीचे ओरखडे.

"कुणाची गाडी?" त्यानं विचारलं.

"माझ्या याकुमिसची," म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

आता आमच्याकडं ईस्टरला घर पांढरं केलं नाही, तर त्या घरात एक तर माणूस मेलंय नाहीतर लाज मेलीय, असं समजतात. पण मावशीचा मुलगा याकुमिस अथेन्सहून आला तो बजावूनच गेला होता. "आई, यंदा चुना लावायला खुर्चीवर चढलीस ना, तर तुला घेऊनच जाणार. तिथं लिफ्ट आहे, डॉक्टर आहे." लिफ्ट आहे हो, पण चढून जायचं कुठं? पलीकडच्या बेटावर मेंढरं बघायला तो मित्राच्या होडीतून गेला, शुक्रवारी परतणार होता. आणि होडी दिसेनाशी व्हायच्या आत मावशी खुर्चीवर!

चुन्याचे शिंतोडे भिंतीला लागून उभ्या केलेल्या त्याच्या निळ्या गाडीवर उडाले. मग मावशीनं काय करावं? पितळी पातेलं घासतात तशी तारेच्या घासणीनं ती गाडी घासली. जोर लावून, प्रेमानं.

अर्गिरिस पॉलिशचं यंत्र घेऊन मावशीच्या अंगणात गेला. गाडीच्या तोंडावर, दारांवर घासणीची वेटोळी उमटली होती. आमच्या बेटावरून अथेन्सला नेलेली म्हातारी माणसं परत येतात ती शवपेटीतूनच. त्यालाही हे ठाऊक होतं, म्हणून त्या दिवशी तो नेहमीसारखं 'बघू' म्हणाला नाही. खाली बसला, दारावरून बोट फिरवलं. रंगावर सायीसारखा एक पारदर्शक थर असतो. साय फाटली होती, पण आरपार नाही.

"चुना घासून जात नाही गं मावशे, अजून रुततो. आंबटानं सुटतो. व्हिनेगर आहे?"

"आहे की. शुक्रवारच्या आमटीसाठी ठेवलंय." आणि लगेच, "ओत! सगळं ओत!"

पाणी घालून त्यानं ते फडक्यानं एकेका ठिपक्यावर टेकवलं, सुटलं की लगेच धुतलं. दुसऱ्या दिवशी कडांना चिकटपट्टी लावून तो हळूहळू यंत्र फिरवू लागला. आधी जाडा लेप, मग बारीक. मध्येच हात ठेवून पत्रा तापला का बघायचा. मावशी पायरीवर बसून ईस्टरची अंडी लाल रंगवायच्या ऐवजी त्यालाच ओरडत होती, "अरे, दाब की जरा! जेवला नाहीस का?"

"दाबलं की रंग जातो. तुझ्यासारख्या दहा बायका मिळाल्या तर माझं दुकान महालात जाईल."

"मेल्या!" म्हणाली आणि हसली. संध्याकाळी त्या निळ्या दारात तिला स्वतःचा चेहरा दिसला. अगदी कडेचे दोन ओरखडे त्यानं राहू दिले, तिथं साय फार पातळ होती.

शुक्रवारी दुपारी याकुमिस आला. देवळाची घंटा संथ वाजत होती. त्यानं गाडीकडं पाहिलंसुद्धा नाही. मावशीनं अर्गिरिसलाही जेवायला बसवलं होतं. त्या दिवशी घरोघरी एकच जेवण, बिनतेलाची मसुराची आमटी, वर व्हिनेगर. क्रुसावर प्रभूला आंबट पाजलं, त्याची आठवण म्हणून.

याकुमिसनं चमचा तोंडात घातला आणि खाली ठेवला. "आई, व्हिनेगर?"

बाटली रिकामी होती. अंडी रंगवायला सगळ्या बेटाला व्हिनेगर लागतं, दुकानात थेंब उरला नव्हता. शेजारणीकडं मागावं, तर गावभर बोभाटा.

"आजच्या दिवशी व्हिनेगर विसरलीस?" याकुमिसचा आवाज मऊ झाला, आणि तेच वाईट होतं. "आई, आता मात्र माझ्याबरोबर चल गं."

गाडी वाचली आणि म्हातारी बुडाली! अर्गिरिस तोंड उघडणार, तोच मावशीनं टेबलावर थाप मारली.

"विसरले? मी? तुझ्या गाडीला पाजलं ते! खुर्चीवर चढले, चुना लावला, उडवला, तारेनं घासला! मग मीच चालत जाऊन याला आणलं. बोल आता काय बोलायचं ते!"

याकुमिस उठून अंगणात गेला. बराच वेळ गाडीभोवती फिरला, कडेच्या त्या दोन ओरखड्यांवर बोट फिरवलं, पांढऱ्याशुभ्र भिंतीकडं वरपर्यंत पाहिलं. परत येऊन बसला.

"वरच्या कोपऱ्यात राहिलंय थोडं," म्हणाला आणि आमटी खाऊ लागला, तशीच, बिनआंबटाची.

मंगळवारी बोट सुटली. अर्गिरिस धक्क्यावर उभा होता. निळी गाडी बोटीत चढली, तिच्यात याकुमिस एकटाच होता. मावशी धक्क्यावरून हात हलवत होती, दुसऱ्या हातात मुलानं आणून दिलेली व्हिनेगरची नवी बाटली.