मार्गशीर्ष वद्य प्रतिपदेचा नाताळ

येशू ख्रिस्ताचा जन्म मार्गशीर्ष वद्य प्रतिपदेला झाला, ही गोष्ट आमच्या घरात वर्षभर सर्वांना मान्य होती. कारण ती माझ्या वहीत लिहिलेली होती.

ही वही मी माहेरून आणली. (माझ्या रुखवतात पाहण्यासारखं दुसरं फारसं काही नव्हतं.) तिच्यात सगळ्याच्या याद्या होत्या. लोणच्याच्या बरण्या, पाहुण्यांची पथ्यं, कुणाची वाटी परत करायची राहिली आहे, आणि पुढे तीन पानं नुसते सणवार. पहिल्या पानावर माझं नाव आणि जन्मतारीख, दोन्ही शाईने. एक जून! माझी मूळ पत्रिका मी शाळेत जाण्याआधीच वाळवीने खाल्ली होती, म्हणून सासऱ्यांनी शाळेच्या दाखल्यावरून ती स्वतः नव्याने मांडली. वेळ आईने सांगितली, ‘गाई परतत होत्या तेव्हा.’ एवढ्या सामग्रीवर तीस गुण जुळले आणि मी ठाण्याला सून म्हणून आले.

सासऱ्यांना आम्ही मामंजी म्हणायचो. निवृत्त हेडमास्तर. पंचांग पाहिल्याशिवाय ते नखंही कापत नसत.

आमचे घरमालक बस्त्यावकाका ख्रिस्ती. कोलशेतकडे त्यांची भातशेती होती, आणि लहानपणी ते मामंजींच्याच शाळेत शिकलेले. त्यामुळे घर त्यांचं असलं तरी ‘अरे-तुरे’ त्यांनाच ऐकावं लागे. मी आले त्या वर्षी नाताळला त्यांच्या बायकोने, रोझामावशींनी, नेवऱ्यांनी, म्हणजे आपल्या करंज्यांनी, भरलेलं ताट पाठवलं. मी लगेच वही काढली, त्या दिवसाची तिथी पाहिली आणि लिहिलं : नाताळ, मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा. राम नवमीला जन्मतो, कृष्ण अष्टमीला, दत्त पौर्णिमेला. एखादा देव तारखेला जन्मतो, हे माझ्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं!

आता खोलीचं सांगते, कारण सगळं अडलं होतं ते खोलीपाशी.

आमच्याकडे दोनच खोल्या. मागची स्वयंपाकाची, पुढची मामंजींची. आम्हा नवराबायकोचा संसार पुढच्याच खोलीत, दोरीवर टाकलेल्या नऊवारीच्या पलीकडे. रोज रात्री मामंजी अलीकडून म्हणायचे, “मी काही ऐकत नाही हो, तुमचं चालू द्या.” या वाक्यानंतर कोणत्या नवराबायकोचं काय चालणार?

आवारात मागे एक रिकामी खोली होती. तिच्यावर माझा डोळा होता. पण एका पेंढ्याच्या व्यापाऱ्याचाही होता. मी बस्त्यावकाकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “नाताळला या, सूनबाई. तवा सांगतो. सनाच्या दिवशी माज्या तोंडातून नाय असा शब्द निघत नाय.”

म्हणजे खोलीची अर्धी किल्ली माझ्या हातात होती! फक्त योग्य दिवशी जायचं होतं. आणि योग्य दिवस तर माझ्या वहीत होता.

पुढच्या वर्षी दत्तजयंती आटोपली आणि मी यादी केली. देवाचा जन्म, म्हणून सुंठवडा. तोरण. दारात रांगोळी, तिच्यात पाळणा. घरातल्या सर्वांनी धुतलेले कपडे. खोलीचा विषय नेवरी खाल्ल्यानंतर, आधी नाही.

आमचे हे कल्याणला रेल्वेत होते. त्यांची पाळी दुपारची होती. अंगात कोट चढवता चढवता ते म्हणाले, “अगं, पण नाताळ पंचवीस तारखेला असतो ना? आज तर चौदाच आहे.”

“गेल्या वर्षी प्रतिपदेला होता की नव्हता?”

“होता.”

“आज काय आहे?”

“प्रतिपदा. पण कचेऱ्यांना सुटी पंचवीसला...”

“सरकार सुटी आपल्या सोयीने देतं,” आतून मामंजी म्हणाले. “सुटीचा आणि सणाचा काय संबंध?”

ह्यांनी कोटाची बटणं लावली. वर्षभराच्या संसारात ते एवढं शिकले होते.

उजाडताच मी बस्त्यावकाकांच्या दारावर झेंडूचं तोरण बांधून आले होते, रांगोळीही काढली होती. दार बंद होतं. मला वाटलं, सगळे देवळात गेले असतील. आठ वाजता आम्ही मिरवत निघालो. पुढे पगडी घातलेले मामंजी, मागे सुंठवड्याचं ताट घेतलेली मी, आणि सर्वांत मागे, आमच्याशी आपला फारसा परिचय नसल्यासारखे, हे.

बस्त्यावकाका शिडीवर होते. अंगात फाटका गंजिफ्रॉक, हातात कुंचला, आणि भुवयांपासून मिशांपर्यंत चुना. रांगोळीतल्या पाळण्यावर शिडीचा एक पाय आणि चुन्याची बालदी! खाली ओट्यावर चर्चचे फादर बसले होते. चर्चमधल्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी पेंढा मागायला आले होते.

“नाताळच्या शुभेच्छा, काका!” मी म्हणाले.

कुंचला जागीच थांबला. त्यातून एक थेंब निघाला आणि थेट सुंठवड्यात पडला.

“कसल्या?” काका म्हणाले.

त्या क्षणी परत फिरायला हवं होतं. पण माझी नजर ओट्याच्या कोपऱ्यात काकांनी मांडलेल्या अर्धवट गोठ्याकडे गेली. गाय होती, गाढव होतं, मरियाबाई होती. मधली गव्हाण रिकामी!

“अगोबाई!” मी ओरडले. “बाळ कुठंय?” आणि ताट ह्यांच्या हातात देऊन मी पेंढा उचकायला लागले.

“बाल पेटीत हाय गो!” रोझामावशी धावत आल्या. “अजून अकरा दिस हायत त्याला. तू कशाला सुईन होतेस?”

मग सगळं स्पष्ट झालं. तोरण कुणी बांधलं, हे काकांना सकाळपासून पडलेलं कोडंही सुटलं. मी वही काढून दाखवली. (हो, बरोबर आणली होती.) काका शिडीवरच हसायला लागले आणि शिडी हलायला लागली. झालं होतं ते एवढंच. मी एकदा ‘चुकले’ म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं.

पण सुनेला हसलेलं मामंजींना खपत नसे. (सुनेला हसण्याचा हक्क घरातल्यांचा, असं त्यांचं मत.) त्यांनी पगडी नीट केली.

“हसतोस काय, बस्त्याव? पंचवीस डिसेंबर हीच तारीख, हे कशावरून?”

“कशावरून म्हंजे? माजा बा करायचा. त्याचा बा करायचा!”

“तो पुरावा नव्हे. तुमच्याच ग्रंथात आहे की मेंढपाळ रात्री उघड्यावर कळप राखत होते. ऐन थंडीत कुणी मेंढरं उघड्यावर ठेवील का? फादर, तुम्ही सांगा, ग्रंथात तारीख दिली आहे?”

फादर सरळ मनाचे होते. तेच नडलं.

“तारीख दिलेली नाही,” ते म्हणाले. “नक्की दिवस कुणालाच ठाऊक नाही. मागाहून ठरला. काही देशांत तर जानेवारीत करतात.”

काका शिडीवरून दोन पायऱ्या खाली आले. “फादर! ठाऊक नाय? मग मी दर साली चुना कुनाच्या तारखेसाठी लावतो?”

“म्हणजे आमची सूनबाई चुकली असं कुणालाच म्हणता येणार नाही!” मामंजींनी हात वर केला. शाळेत ते असाच हात वर करून तास संपल्याचं सांगत.

काकांचा चेहरा चुन्याखालून लाल झाला. “मास्तर, माज्या दारात येऊन माज्या देवाची तारीख बदलता? सकालधरनं माजी शिडी रांगोलीत फसलीय! ती खोली मी पेंढेवाल्यालाच देतो!”

मी मामंजींची बाही ओढली. ह्यांनीही दुसरी ओढली. पण मामंजी आता वर्गात पोचले होते.

“बस्त्याव, जन्मतारीख ही पोरखेळाची गोष्ट नाही. ज्यांनी ती नीट टिपून ठेवली नाही, त्यांनी दुसऱ्याला...”

“रोझा!” काका गरजले. “माजा शालेचा दाखला आन!”

दाखला आला. काकांनी तो चुन्याच्या बोटांनी फादरांपुढे धरला. “वाचा. जन्मतारीख काय लिवलीय?”

“एक जून.”

“आनि माजा बाप्तिस्मा कवा झाला?”

“तुमच्या बाप्तिस्म्याची नोंद मी पाहिली आहे. नोव्हेंबर अखेरची.”

“भात कापून झालं नि मी झालो! आय सांगायची. मग हा एक जून कुनाचा? खाली सही कुनाची हाय, मास्तर?”

सही मामंजींची होती. वळणदार, नवी नवी नोकरी लागलेल्या माणसाची.

मामंजींनी पगडी काढली.

“अरे, तुझ्या बापाने सांगितलं, ‘भातकापणीच्या वेळी झाला, साल आठवत नाही.’ रकान्यात भातकापणी लिहू? तारीख घातल्याशिवाय नाव पटावर घेता येत नसे. शाळा जूनमध्ये उघडायची. म्हणून मी सगळ्यांनाच... म्हणजे ज्यांची नक्की नव्हती त्यांना...”

“किती जनांना?”

“एकेका अख्ख्या वर्गाला,” मामंजी हळूच म्हणाले.

आधी फादर हसले. पोट धरून हसले. “मास्तर, अहो आमच्या जुन्या मंडळींनी दुसरं काय केलं? तारीख सापडेना. पोराचं नाव तर पटावर घालायचं होतं!”

काकांना ते समजायला एक क्षण लागला. मग ते शिडीच्या तळाशी मटकन बसले. “म्हंजे देवाचा पन एक जून केला!”

त्यानंतर कोण किती हसलं ते सांगत नाही. रोझामावशींनी सुंठवड्यातला चुन्याचा थेंब चमच्याने काढला आणि उरलेला सर्वांना वाटला. काकांनी तो तोंडात टाकला, डोळे पुसले आणि म्हणाले, “चला. तुमी सन केलात, तर सनाला नाय म्हनत नाय. खोली घ्या. पंचवीसला सामान हलवा. तारखेच्या पंचवीसला!”

मी आनंदाने वही उघडते तोच मामंजी बोटं मोजत म्हणाले, “पंचवीसला मुहूर्त नाही. पुढे पौष लागतो. माघात बघू.”

माघात! दोन महिने आणखी ती नऊवारी!

“मामंजी,” मी म्हणाले, “त्या दिवशी सगळ्यांना सुटी आहे. सामान उचलायला माणसं मिळतील. एक जून घातलात तसा एक मुहूर्त घाला.”

पंचवीसला आम्ही खोलीत गेलो. संध्याकाळी काकांकडच्या गव्हाणीत बाळ होतं, माझ्या खोलीला दार होतं आणि दाराला कडी होती. मी निवांत बसून वहीत नाताळची प्रतिपदा खोडली, पंचवीस डिसेंबर लिहिलं, आणि सहज पहिलं पान उघडलं. एक जून.

तशीच उठले आणि मामंजींकडे गेले. “माझ्या दाखल्यावरही एक जून आहे. त्याच्यावरून तुम्ही पत्रिका मांडलीत. तीस गुण जुळवलेत! एक जून म्हणजे काय, हे तुम्हाला तर ठाऊक होतं ना?”

मामंजींनी पंचांगातून मान वर केली नाही. “मुलगी चांगली वाटली,” ते म्हणाले. “शिवाय बैठकीत तिने वही काढून आमच्या पथ्यांची यादी केली. तेवढ्याचे मी दहा गुण धरले.”

आज माझ्या वहीत सगळ्या आळीच्या तारखा आहेत, येशू ख्रिस्तासकट. फक्त पहिल्या पानावर, माझ्या नावापुढे, तेव्हापासून पेन्सिलने लिहिलेलं आहे : चौकशी चालू.