धुराड्याचं पितळी कडं

युसूफभाई गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या एका पायात चप्पल होती. मी त्यांच्याकडेच निघालो होतो, माझी एक चूक कबूल करायला. "मास्तर, अब्बा गेले," त्यांची मुलगी नसीम एवढंच म्हणाली. त्याला आता दीड महिना झाला. मयतीत मी मागंमागंच राहिलो. पुढं जायला तोंड नव्हतं.

नवाबपुऱ्यात त्यांचं लेथचं दुकान. पंपाचे बुश कातून पोट भरायचं आणि उरल्या वेळात वाफेच्या इंजिनांच्या छोट्या प्रतिकृतींसाठी पितळी नक्षीकाम करायचं... वाटाण्याएवढी घंटा, नखाएवढी नंबरपाटी, धुराड्याच्या तोंडावरचं कडं. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. इंजिनांचे सांगाडे माझे, पितळ त्यांचं, अशी तीस वर्षं आमची जोडी. मापाच्या बाबतीत मी खडूस. "मास्तर, तुमी चंद्रालाबी पट्टी लावताल," असं ते चिडवायचे.

त्यांचे वडील निजामाच्या रेल्वेत फायरमन होते. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत ड्यूटीवर गेले, ते परतलेच नाहीत. ना मयत, ना कबर. युसूफभाई तेव्हा पाच वर्षांचे. वडिलांचा चेहराही त्यांना आठवत नव्हता. आठवायचं ते एवढंच, की इंजिनाच्या धुराड्यावर एक पितळी कडं चकाकतंय आणि ते चिंचेनं घासणारे दोन हात. त्या बोटांना चिंचेचा वास यायचा, म्हणायचे.

म्हातारपणी त्यांनी ते इंजिन स्वतःसाठी करायला घेतलं. आईनं जपलेल्या ड्यूटीच्या कागदावर इंजिनाचा नंबर होता. सुरुवात कड्यापासून केली. पाचदा कातलं, चार मोडीत टाकली. तेवढ्यात एका जुन्या रेल्वेवाल्याच्या अल्बममध्ये मला त्याच नंबराच्या इंजिनाचा फोटो मिळाला. मी धावतच गेलो. फोटोत धुराडं काळंकुट्ट, कड्याचा पत्ता नाही.

"युसूफभाई, कडं चुकलं. ह्या इंजिनाला नव्हतंच," मी म्हणालो. वर हसलोही असेन.

त्यांनी फोटो उजेडाकडं धरला. "मंग ते हात कुनाचे व्हते, मास्तर?"

त्यांनी लेथवर फडकं टाकलं. पुढं सात महिने पितळेला हात लावला नाही, बोलणंही तुटत गेलं. "धड जेवतबी नाय," नसीम सांगायची. मी जायचो, चहा घ्यायचो, उठायचो. वाईट वाटायचं, पण माप माझं बरोबर होतं, याची घमेंड सुटत नव्हती.

नसीमचा फोन आला त्या दिवशी सहज तोच फोटो पुन्हा भिंगाखाली धरला. धुराड्याच्या तोंडाभोवती, सारख्या अंतरावर, स्क्रूंची रिकामी भोकं होती. कडं होतं. फोटोच्या आधी कुणीतरी काढून घेतलेलं. मी इतकी वर्षं मापं घेतली आणि मला भोकं दिसली नाहीत! हे सांगायलाच मी चप्पल घालत होतो...

ते पाचवं कडं नसीमनं मला दिलं. ते माझ्या टेबलावर असतं. दर शुक्रवारी मी चिंच भिजवतो आणि ते घासतो. बोटांचा वास संध्याकाळपर्यंत जात नाही.