नवऱ्याच्या नावाची फीत

ओलीटाची फुलं तिसऱ्यांदा कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर पडलेली दिसली, त्या दिवशी ती रडली नाही बरं का. पहिल्या दोन वेळेला रडली होती. तिसऱ्यांदा नुसती वाकली, चिखलातनं फुलं उचलली, फटाफट झटकली आणि म्हणाली, "थांब मॉझेल, आता बघच तू."

मॉझेल म्हणजे डेल्मरची थोरली बहीण. आणि डेल्मर म्हणजे, आता काय सांगू, आमच्या खोऱ्यातली निम्मी पोरं त्यानंच शाळेत नेऊन सोडली. पिवळी बस चालवायचा. थंडीच्या दिवसांत पोरांचे हात गार पडू नयेत म्हणून खिशात भाजलेले बटाटे घेऊन यायचा, एकेकाच्या हातात द्यायचा. असा माणूस. ओलीटा आणि तो अठरा वर्षं एका घरात राहिले. लग्न तेवढं झालं नाही. ओलीटाचा पहिला नवरा काम बघतो म्हणून डेट्रॉइटला गेला तो गेलाच. घटस्फोटाच्या कागदावर सही करायलासुद्धा सापडेना. आणि सापडला, तोवर डेल्मरचे गुडघे गेलेले. "आता या वयात कोट घालून पाद्र्यापुढं उभा राहू? पोरं हसतील मला," म्हणायचा. हिलाही वाटलं, असू दे, कोण विचारतंय.

विचारलं की. तो गेल्यावर विचारलं. कबरीची जागा निघाली मॉझेलच्या नावावर, आणि आमच्या कबरस्तानात ज्याच्या नावावर जागा, त्याच्या मर्जीनं फुलं. बाकी कुणाचं काही चालत नाही.

खरं बोलायचं तर मॉझेलची फुलांना हरकत नव्हती. हरकत होती फितीला. आमच्याकडं दगडाच्या माथ्यावर घोड्यावर खोगीर घालावं तशी फुलांची रचना बसवतात. खाली तारेचे चार पाय, दगड पकडून बसतात ते. वर कापडाची फुलं, आणि पुढच्या अंगाला फीत. फितीवर सोनेरी अक्षरं चिकटवायची: आई, भाऊ, आजोबा, जो कोण असेल तो. ओलीटानं चिकटवलं होतं, 'माझ्या नवऱ्याला'.

मॉझेल स्वतः आली नाही. दुसऱ्या वेळेनंतर आर्विलला पाठवलं. आर्विल कबरस्तानातलं गवत कापतो. बिचारा टोपी हातात घेऊन पायरीवर उभा.

"मॉझेल म्हणते, फुलं राहू दे. फीत तेवढी काढ."

"काढते. दुसरी काय लावू? 'बस ड्रायव्हरला'?"

"मला कशाला विचारतेस बाई, मी गवत कापतो."

"मग तिला सांग, फितीशिवाय ती फुलं म्हणजे नुसत्या चिंध्या. चिंध्या काय, तिच्या घरात पण असतील."

"एवढं सगळं सांगू?"

"एवढं सगळं सांग. आणि आत ये, कॉफी घे. गारठलायस."

तर ती तिसऱ्या वेळची फुलं घेऊन ओलीटा घरी आली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसली. पानगळीचे दिवस. सगळ्यांच्या दारात भोपळे आलेले, मक्याची कणसं टांगलेली. हिच्या दारात काही नव्हतं. डेल्मर गेल्यापासून हिनं घर सजवलंच नव्हतं, जे काही करायचं ते त्या दगडासाठी.

तिनं सगळी फुलं सोडवली. एकेक काडी उपटली. ओली होती ती चुलीच्या वरच्या फळीवर पसरली. सूर्यफुलं चांगली होती, मोठी, बशीएवढी. शेवंतीच्या पाकळ्या चुरगळल्या होत्या, तर केटलीची वाफ दिली आणि बोटांनी एकेक पाकळी उलगडली. वाफेनं कापड सरळ होतं, ते तिला ठाऊक. मेपलची लाल पानं एका बाजूनं उन्हात रंग उडालेली, पांढुरकी. ती टाकली नाहीत तिनं. म्हणाली, झाडावरची पानं तरी कुठं सगळीकडनं सारखी असतात.

मग फुलं खोचायचा नवा ठोकळा घेतला, तो हिरवा हलका असतो ना, काडी टोचली की करकरतो, तो. सगळ्यात मोठं सूर्यफूल मधे, पण अगदी मधे नाही, जरा डावीकडं. त्याच्या भोवती शेवंती, जांभळी खाली, गंजाच्या रंगाची वर. काड्या आखूड कापायच्या आणि टोकाला आकडा वाकवायचा, म्हणजे वाऱ्यानं ओढलं तरी निघत नाही. नवशिक्या बायका लांब काड्या ठेवतात, मग पहिल्या वादळात बोडका ठोकळा उरतो. ओलीटाचा हात बसलेला होता. कडेनं पानं, पानांतनं वर आलेली पाणकणसाची तपकिरी बोंडं, आणि मागनं कुणाला ठोकळा दिसू नये म्हणून गोणपाटाची पट्टी. गोंदाच्या बंदुकीनं अंगठा भाजला, तर तोंडात घातला आणि दुसऱ्या हातानं काम चालूच.

फीत शेवटी. धुतली, इस्त्री केली. 'न' निघाला होता, तो नवीन चिकटवला.

आता ही रचना लावायची कुठं? आधी दारावर लावून बघितली. तर दाराला खिळा, आणि हिला तारेचे पाय. बसेना. ठोकळा तोंडावर पडला. मग ओसरीवर गेली. ओसरीवर दोन खुर्च्या, एक तिची, एक डेल्मरची. त्याच्या खुर्चीची पाठ रुंद, जाड लाकडाची. तिनं तारेचे पाय त्या पाठीवर टेकवले, आणि काय सांगू, असे बसले, जणू त्या खुर्चीच्याच मापानं केले होते. तरी तिनं बारीक तारेनं बारा ठिकाणी आवळलं. फीत रस्त्याकडं.

आणि रस्ता कुठला, तर चर्चचा! रविवारी खोऱ्यातल्या झाडून सगळ्या गाड्या तिच्या ओसरीसमोरनं जातात. तिथं उतार आहे, गाडी हळू करावीच लागते.

रविवार आला. ओलीटानं निळा झगा घातला, केस बांधले, सफरचंदाचा मुरंबा लावलेला पाव घेतला आणि आपल्या खुर्चीत बसली. चर्चला गेली नाही. गाड्या जायला लागल्या. हळू होत होत्या. कुणी हात केला, कुणी नुसतं वाचलं आणि मान वळवली. एक बाई बायबल छातीशी धरून काचेतनं इतकी वाकली की टोपी पडली तिची.

मॉझेलची गाडी पुढं गेली. थांबली. मागं आली.

"अगं ओलीटा! लाज आहे का काही? थडग्याची फुलं कुणी घराला लावतं? लोकांना वाटेल आत मढं आहे!"

"आत सोयाबीन शिजतंय. बघून ये हवं तर."

"अपशकुन आहे तो! कबरीवरची वस्तू घरात आणायची नसते, एवढं पण तुला शिकवलं नाही कुणी?"

ओलीटानं पाव बशीत ठेवला. "कबरीवरची? कबरीवरनं तर तू फेकलीस. तीनदा. मग ही कबरीची कशी?"

मॉझेल दार उघडून गाडीतनं उतरली.

"एकदा काय ते ठरव बाई. घराची म्हणशील तर माझ्या घरात मी काय लावायचं ते मी बघेन. आणि कबरीची म्हणशील तर उचल, ने, आणि तुझ्या हातानं त्याच्या दगडावर बसव. फितीसकट."

"तुझं लग्न झालं नव्हतं!"

"त्याच्या गुडघ्याला तेल कोण लावत होतं? तू?"

मागं चार गाड्या थांबल्या होत्या. कुणी भोंगा वाजवला नाही. मॉझेल ताडताड पायऱ्या चढली, दोन्ही हातांनी फुलं धरली आणि ओढली. बारा तारा होत्या ना! फुलं येईनात, खुर्ची आली. फरफटत ओसरीच्या दोन फळ्या पुढं आली. परत ओढली, परत खुर्ची.

"खुर्चीसकट ने," ओलीटा म्हणाली. "तो नाहीतरी तिच्यावरनं कधी उठायचा नाही."

मागच्या गाडीत कुणीतरी हसलं. मॉझेलनं हात सोडले. तिचा श्वास चढला होता, आणि डोळ्यांत पाणीपण होतं, खोटं कशाला बोलू. भाऊ होता तिचा. एक सूर्यफूल वाकडं झालं होतं, ते तिनं जाता जाता नीट केलं. का केलं, तिलाच माहीत. मग गाडीत जाऊन बसली.

ओलीटा उठली, खुर्ची होती तिथं सरकवली, आणि फीत परत रस्त्याकडं केली.

सगळा ऑक्टोबर ती फुलं तिथंच होती. नोव्हेंबर लागला, लोकांचे भोपळे सडले, कणसं उतरली. आर्विल एकदा आला, पायरीवर टोपी काढून उभा.

"मॉझेल विचारते, पानगळीचे दिवस संपले, आता तरी उतरवशील ना?"

"हो, उतरवते की. सूर्यफुलं उतरवते. आता नाताळासाठी पाइनच्या फांद्या आणि लाल फळं लावायची."

"आणि फीत?"

"फीत कशाला? फितीला काय झालंय?" ओलीटा म्हणाली. "ती फांद्यांची पिशवी दे इकडं, आणि जरा बाजूला हो, गोंदाची बंदूक तापलीय."