चौदा दिवस खिळ्यावर

वर्णन: पुरुष, वय अठ्ठावन्न. व्यवसाय, चाव्या बनवणे व अडलेली कुलपे उघडणे. ओळखीची खूण, उजव्या अंगठ्यावर कानशीचा जुना व्रण. स्वभाव सावध. सदर इसम आजवर कोणाकडून फसवला गेल्याची नोंद उपलब्ध नाही.

नोंद नाही, कारण चावीवाल्याचा जगावर विश्वासच नव्हता. "चावी दहा मिनिटं नजरेआड गेली की एकीच्या दोन झाल्या समजा," असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचा. बजावताना गिऱ्हाइकाची चावी त्याच्याच हातात असायची, हे कोणाच्या लक्षात यायचं नाही.

दुकान म्हणजे जिन्याखालची सहा फुटांची जागा. मागच्या भिंतीवर चाळीस खिळे. आलेली चावी खिळ्याला लागायची, तिला तारखेची चिठ्ठी बांधली जायची. माल परत गेला की चिठ्ठी फाडायची, विषय संपला. तीस वर्षांत एक चावी गहाळ झाली नव्हती.

कच्चा होता तो फक्त बुद्धिबळात. दर रविवारी दुपारी बायकोचा धाकटा भाऊ यायचा, पट मांडायचा आणि जिंकून जायचा. अशी अकरा वर्षं. हरण्याचं चावीवाल्याला एवढं काही वाटत नसे, पण मेहुण्याचं तोंड हातापेक्षा जास्त चालायचं.

"दाजी, घोड्याला कुठे पाठवलंत? बिचाऱ्याला घरी बायकापोरं असतील."

"गुमान खेळ."

"ताई, दाजींना पाणी दे गं. वजीर गेलाय त्यांचा."

या माणसाला एकदा, निदान एकदा, पटासमोर गप्प बसलेलं बघायचं, एवढीच चावीवाल्याची इच्छा उरली होती.

अशात फोनवर जाहिरात दिसली: बुद्धिबळ शिका, चौदा दिवस मोफत. पुढच्या पानावर कार्डाचा नंबर मागितला होता. फुकट द्यायचंय तर कार्ड कशाला, असं त्याच्या मनात आलं. असा नंबर देताना दुसरा कोणी दिसला असता, तर चावीवाल्याने त्याला अर्धा तास सुनावलं असतं. स्वतःला सुनावायला सवड नव्हती. रविवार चार दिवसांवर आला होता. त्याने समोरचे सोळा आकडे भरले, मागचे तीनही भरले. मग, सावध माणूस असल्यामुळे, कार्ड एका पाकिटात घातलं आणि सतराव्या खिळ्याला टांगलं. चिठ्ठीवर लिहिलं, 'चौदा दिवस.'

कानशीचा भुगा झटकत झटकत त्याने धडे गिरवले. पहिल्या रविवारी तो पन्नास मिनिटं टिकला. "दाजी आज काय खाऊन बसलेत?" असं म्हणत मेहुण्याने मात केली. दुसऱ्या रविवारी तासभर टिकला आणि हरला. चौदाव्या दिवशी संध्याकाळी त्याने चिठ्ठी फाडली, कार्ड खिशात घातलं. माल परत आला, विषय संपला.

महिनाअखेर कार्डाचं बिल आलं. घरात बिलं उघडण्याचं खातं बायकोकडे होतं.

"अहो, हे बुद्धिबळाचं काय आहे? वर्षभराची वर्गणी?"

"शक्यच नाही. कार्ड चौदा दिवस माझ्या डोळ्यांसमोर होतं. कोणी बोटसुद्धा लावलं नाही."

"आणि नंबर?"

"नंबर दिला होता."

बायकोने चष्मा काढला. "गिऱ्हाइकांना काय सांगता हो तुम्ही? चावी दहा मिनिटं नजरेआड गेली की किती होतात?"

"दोन," चावीवाला म्हणाला.

मग तो वर्गणी बंद करायला बसला. लोकांच्या तिजोऱ्या पाऊण तासात उघडणाऱ्या माणसाला त्या ॲपमधून बाहेर पडायचं दार सापडेना. सापडलं तेव्हा तिथे 'खरंच निघालात?' असं तीनदा विचारलं गेलं, चौथ्यांदा निघण्याचं कारण विचारलं गेलं, आणि शेवटी कळलं की वर्गणी पुढच्या वर्षापासून बंद होईल. भरलेले पैसे परत मिळत नाहीत.

"द्या तो फोन इकडे," बायको म्हणाली. "पैसे गेलेत ना? मग घरात कोणीतरी शिकायला हवं. तुम्हाला काही ते यायचं नाही."

ती शाळेच्या वाचनालयात कामाला होती. मधल्या सुट्टीनंतर तिथे फारसं कोणी फिरकत नसे. सात महिने गेले. एका रविवारी मेहुण्याने पट मांडला, तशी ती हात पुसत आली आणि नवऱ्याला म्हणाली, "उठा."

"ताई, तू?" मेहुणा हसला. "अगं, प्यादं कसं चालतं ते तरी माहितेय का?"

"तू आहेस की सांगायला."

विसाव्या चालीला मेहुण्याचं हसू मावळलं. एकतिसाव्या चालीला ताईने हत्ती सरकवला, "मात" म्हणाली आणि पदराने चष्मा पुसायला लागली. मेहुणा पटाकडे बघत राहिला. एक मिनिट गेलं, दोन गेली. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. रविवारी या घरात ते ऐकू येतं, हे चावीवाल्याला माहीत नव्हतं. त्याने वर्गणीचा आकडा मनात आठवून पाहिला. फार वाटला नाही.

"दाजी," अखेर मेहुण्याला कंठ फुटला, "हिला शिकवलं कोणी?"

"कार्ड माझं होतं," चावीवाला म्हणाला.

वर्ष संपता संपता ॲपकडून प्रमाणपत्र आलं. नाव अर्थातच कार्डावरचं होतं. 'सदर सदस्याने प्रगत श्रेणी प्राप्त केली असून त्यांच्या खेळात आक्रमकता व दूरदृष्टी यांचा उल्लेखनीय संगम आढळतो.' चावीवाल्याने ते छापून आणलं आणि सतराव्या खिळ्याला लावलं.

त्या रविवारी तो मेहुण्याकडून बावीस मिनिटांत हरला.